मयताचे बटाटे

अ‍ॅल्डन वेस्टरगार्डच्या अंत्यविधीच्या सकाळी चर्चच्या स्वयंपाकघरात बटाट्यांचा सातवा ट्रे आला तेव्हा कॅमिलला शंका आली, आणि आठवा आला तेव्हा शंकेला जागा उरली नाही. ओट्यावरही उरली नाही. नववा ट्रे आणणारी बाई "गरम आहे हं, फडक्याने धर" एवढं सांगून प्रार्थनेला निघून गेली, तर दारात दहावी आणि अकरावी आत आधी कोण शिरणार यावरून एकमेकींना गोड हसत अडवत होत्या.

मयताच्या जेवणाला बटाटे हवेतच, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. फेअरहोल्टमध्ये माणूस गेला की आधी डॉक्टरला कळतं, मग गावच्या चर्चचं काम बघणाऱ्या बिशपला, आणि बिशपने फोन खाली ठेवायच्या आत कुठल्यातरी घरात बटाटे किसायला घेतलेले असतात. किसलेले बटाटे, आंबट साय, डब्यातलं कोंबडीचं दाट सूप, हात आखडता न घेता चीज, वर काहीतरी कुरकुरीत, आणि सगळं ओव्हनमध्ये तासभर. लग्नात केले तरी नाव तेच, मयताचे बटाटे. पण त्यांच्या जोडीला हॅम लागतो, सॅलड लागतं, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली लागते, पाव लागतात आणि शेवटी केक लागतो. यातलं अजून काहीच आलेलं नव्हतं.

"अजून येतायत," कोपऱ्यातून व्हर्लकाका म्हणाले. काकांचं वय नव्वदीला टेकलेलं. त्यांचं कानातलं यंत्र प्रार्थनेच्या वेळी शिट्टी मारतं, म्हणून प्रत्येक अंत्यविधीला त्यांना खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बसवतात. काकांनी या व्यवस्थेबद्दल कधी तक्रार केलेली नाही. "खिडकीतून मला आणखी पाच जणी दिसतायत. पाचींच्या हातात ट्रे."

"काका, कुणाच्या हातात हॅम दिसतोय का?"

काकांनी पुन्हा मान वर करून पाहिलं. "नाही बाई. पण ट्रे चांगले भरलेत."

झालं होतं ते असं. मयताच्या जेवणाची जबाबदारी बावीस वर्षं कॅमिलच्या सासूबाईंकडे, लावॉनकडे होती. त्यांचा गुडघा बदलला, तेव्हा बिशप क्लॉयडनी त्यांना विश्रांती मिळावी अशा शुद्ध हेतूने ते काम सुनेकडे दिलं. लावॉनने मान डोलावली आणि घरी आल्यावर सुनेला म्हणाली, "कर की. नाही जमलं तर मी आहेच." या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कॅमिलला रात्री झोपताना ऐकू यायचा. ती पोर्टलंडहून लग्न करून इथे आल्याला तीन वर्षं झाली होती, पण गाव अजून तिला पाहुण्यासारखं वागवायचं. म्हणजे चांगलं वागवायचं आणि काही काम सांगायचं नाही. हे पहिलं काम होतं, आणि ते हातचं गेलं तर दुसरं मिळायला किती वर्षं लागतील हे फेअरहोल्टचा वेग पाहता सांगणं कठीण होतं.

तर रविवारी बायकांच्या बैठकीत ती उभी राहिली आणि तिच्या आईने पोर्टलंडमध्ये आयुष्यभर वापरलेली पद्धत तिने खडाखडा सांगितली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, ज्यांचं आडनाव पहिल्या अक्षरांत येतं त्यांनी हॅम आणावा, मधल्यांनी सॅलड, पाव आणि गोड, शेवटच्यांनी बटाटे. पोर्टलंडमध्ये ही पद्धत घड्याळासारखी चालते. तिथे अ‍ॅडम्स आहेत, मॉरिस आहेत, यंग आहेत. फेअरहोल्टमध्ये वेस्टरगार्ड आहेत.

गाव वसवणारा नील्स वेस्टरगार्ड बैलगाडीने आला तो तीन बायका घेऊन, कारण त्यांच्या पंथात तेव्हा ते चालायचं, आणि या खोऱ्यात त्याला सव्वीस मुलं झाली. त्यातल्या मुली परक्या घरी गेल्या असत्या तर आडनावांत थोडा फरक पडला असता, पण त्या काळी इथे परकं घरच नव्हतं, होती ती नील्सच्या चुलतभावांची. आता चर्चमध्ये कुणी "सिस्टर वेस्टरगार्ड" अशी हाक मारली तर शंभर माना वळतील, म्हणून तशी हाक कुणी मारत नाही. सगळा कारभार पहिल्या नावाने. सिस्टर लावॉन, ब्रदर क्लॉयड, सिस्टर आर्डिथ. तीन वर्षांत कॅमिलच्या कानावर आडनाव इतकं क्वचित पडलं होतं की आपलंही तेच आहे हे तिला बँकेत सही करताना आठवायचं.

आणि बैठकीत कुणीच का बोललं नाही? कारण प्रत्येकीच्या वाट्याला बटाटे आले होते. बटाटे हा मान. तो आपल्याला मिळाल्यावर शेजारणीला काय मिळालं ही चौकशी कोण करतं?

खरी गोम पुढेच होती. नील्सच्या तीन बायकांपासून गावात तीन पात्या झाल्या, थोरली, मधली आणि धाकटी. शेतं वाटली गेली, भांडणं मिटली, लग्नं इकडून तिकडे झाली, पण बटाट्यांच्या वरचा थर काही एक झाला नाही. थोरली पाती वर लोण्यात परतलेले कॉर्नफ्लेक्स पसरते. मधली पाती वेफर्स चुरून घालते. धाकटी पाती खाऱ्या बिस्किटांचा चुरा घालते आणि आपलाच मूळ प्रकार आहे असं सांगते. भांडण नको म्हणून फार पूर्वीच ठरून गेलं होतं की ज्या पातीचं मयत, त्याच पातीचे बटाटे. बाकीच्या दोन पात्या हॅम आणि जेली आणतात, बटाट्यांचा एक चमचा ताटात घेतात, "वेगळे लागतात, नाही?" असं म्हणतात आणि घरी जाऊन पुन्हा जेवतात.

अ‍ॅल्डन थोरल्या पातीचा. आज कॉर्नफ्लेक्सचा दिवस होता. पण ओट्यावर, टेबलावर, फ्रीजवर आणि व्हर्लकाकांच्या शेजारच्या खुर्चीवर तिन्ही पात्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. मधल्या पातीच्या बायकांना वाटलं होतं, ही पोर्टलंडची मुलगी मनाने मोठी दिसते. धाकट्या पातीलाही तेच वाटलं होतं. थोरल्या पातीला काय वाटेल हे जेवणाच्या वेळी कळणार होतं.

शेवटची बाई आत गेली, पलीकडे पहिलं गीत सुरू झालं आणि कॅमिलने मोजायला घेतलं. चाळिशीच्या पुढे तिने मोजणं सोडलं. गावात वेस्टरगार्ड नसलेली घरं दोनच. शाळेत गणित शिकवणारे अविवाहित मिस्टर अ‍ॅबट हॅमचं एक पाकीट ठेवून गेले होते, आतमध्ये कापून ठेवलेल्या चकत्या. हॅन्सन नावाच्या नवीन जोडप्याने वाडगाभर जेली आणली होती. एवढ्यावर दोनशे माणसं जेवणार होती. गावातलं एकुलतं दुकान बंद होतं, कारण त्याचा मालकही वेस्टरगार्ड होता आणि शवपेटी उचलणाऱ्यांत उभा होता. पुढचं दुकान घाट ओलांडून.

"मला वाटतं," व्हर्लकाका म्हणाले, "की गार होण्याआधी आपण वेफर्सवाले ओव्हनमध्ये ठेवावेत. ते लवकर मऊ पडतात."

"काका, तुम्ही मधल्या पातीचे."

"म्हणून तर मला माहीत आहे."

दोन ओव्हन होते. कॅमिलने प्रत्येकात तिन्ही पात्यांचे ट्रे एकावर एक रचले आणि आळीपाळीने आत-बाहेर करायला सुरुवात केली. अशी ती घामाघूम वाकलेली असताना दार उघडलं आणि लावॉन आत आली. अंत्यविधीतून अर्ध्यात उठायला लावॉनला बावीस वर्षांत कधी लागलं नव्हतं.

लावॉनने आधी ओट्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग हॅमच्या पाकिटाकडे. पाकिटाकडे तिने जरा जास्त वेळ पाहिलं.

"रविवारी तू ते अक्षरांचं सांगितलंस ना, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं काम आहे. मी बोलले असते तर म्हणाली असतीस, सासू ढवळाढवळ करते."

कॅमिल खरोखर तसंच म्हणाली असती, म्हणून तिने पुढचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

"माझ्या गाडीत चार हॅम आहेत," लावॉन म्हणाली. "मधाचा हात लावून भाजलेले. कालच केले."

"काल?"

"माणसाने तयारीत असावं."

तयारीत असणं ही फेअरहोल्टमध्ये निव्वळ सवय नाही, श्रद्धा आहे. प्रत्येक तळघरात वर्षाचा गहू, वर्षाची दूध पावडर आणि वर्षाचा घेवडा डबाबंद पडलेला असतो. पण सुनेच्या फजितीची बेगमी आदल्या दिवशीच करून ठेवणं ही लावॉनची स्वतःची भर होती.

लावॉनने पुढचं फार मायेने सांगितलं. हॅम ती आत्ता आणून मांडते, पाहुण्यांना काही कळायचं नाही. जेवण झालं की ती बिशपच्या कानावर दोन शब्द घालेल, सुनेबद्दल वाईट असं काही नाही, एवढंच की पोर अजून नवी आहे, काही वर्षं जाऊ देत. तोवर तिचा गुडघा ठीक आहे. आणि तिने गुडघा वाकवूनही दाखवला.

कॅमिलला गाडीतल्या त्या चार हॅमचा वास येतोय असं वाटलं. नाही म्हणायला तिला एकच कारण होतं, आणि ते फारसं शहाणपणाचं नव्हतं. तिला हे काम हवं होतं.

"आर्डिथने चार दिवस काही खाल्लेलं नाही," ती म्हणाली. आर्डिथ म्हणजे अ‍ॅल्डनची विधवा. सूप नाही, पाव नाही, मुलीने आणलेली लापशी नाही. गावभर तीच काळजी होती. "पहिलं पान तिचंच वाढतात. ती जेवली तर आज आहे तेच वाढायचं. ती नाही जेवली तर तुम्ही हॅम आणा, आणि बिशपना सांगायला मी स्वतः जाते. तुम्हाला तोंड उघडायला नको."

लावॉनने विचार केला. सौदा तिला फायद्याचा वाटला, कारण आर्डिथ जेवणार नव्हती. चार दिवसांत लावॉनने स्वतः तिच्यापुढे तीन पदार्थ ठेवून पाहिले होते.

"हॅम गार होतील," एवढंच ती म्हणाली आणि दाराशी उभी राहिली.

दफनभूमीवरून मंडळी परतली आणि चर्चच्या सभागृहात बास्केटबॉलच्या जाळीखाली मांडलेल्या टेबलांशी येऊन थबकली. पांढऱ्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळे बटाटे होते. कॅमिलने प्रत्येक टेबलावर तिन्ही पात्यांचे ट्रे शेजारी शेजारी ठेवले होते, कारण वेगळे ठेवले असते तर तीन रांगा झाल्या असत्या आणि तीन रांगांतून काय झालं असतं ते सांगायला नको. मधोमध जेलीचा वाडगा हिरवागार थरथरत होता. मिस्टर अ‍ॅबटनी आपलं पाकीट ओळखलं आणि ते मागच्या भिंतीकडे सरकले.

सभागृहात कुजबुज पसरली. थोरल्या पातीच्या बायकांनी बिस्किटांचा चुरा पाहिला, वेफर्स पाहिले, आणि मग कॅमिलकडे पाहिलं. कुणीतरी हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणालं की अ‍ॅल्डनच्या मयताला हे दिवस यावेत. बिशप क्लॉयड अन्नासाठी प्रार्थना करायला उभे राहिले. "या विविध..." असं म्हणून त्यांनी एक डोळा किलकिला केला, टेबल पाहिलं, आणि "या भरपूर अन्नाबद्दल आम्ही आभारी आहोत" अशी सुधारणा करून प्रार्थना आटोपती घेतली.

आर्डिथ पुढे आली. लहानखुरी बाई, काळा झगा जरा मोठा झालेला. मुलीने तिच्या हातात ताट दिलं. कॅमिल टेबलाच्या मागे चमचा घेऊन उभी होती, लावॉन तिच्या मागे गाडीची किल्ली घेऊन. मिस्टर अ‍ॅबटच्या हॅमची चकती कुणीतरी प्रेमाने आर्डिथच्या ताटात घातली. आर्डिथने ती काट्याने उचलली आणि तितक्याच प्रेमाने परत ठेवली. किल्ली किंचित वाजली.

मग आर्डिथ कॉर्नफ्लेक्सच्या ट्रेपाशी थांबली. एक चमचा वाढून घेतला. थोरल्या पातीने श्वास सोडला. पण आर्डिथ पुढे गेली नाही. ती शेजारच्या ट्रेकडे बघत राहिली, खाऱ्या बिस्किटांच्या. तिचं माहेर धाकट्या पातीचं, हे गावाला माहीत होतं आणि गाव विसरलंही होतं.

"हे आईकडचे," ती म्हणाली. "पंचावन्न वर्षं मी अ‍ॅल्डनच्या पद्धतीचेच केले. आईकडचे एकदाही केले नाहीत. म्हटलं, त्याला वाईट वाटेल." तिने बिस्किटांचे दोन चमचे घेतले, आणि तिथेच, उभ्या उभ्या, ताट छातीशी धरून पहिला घास खाल्ला. सगळं सभागृह तिच्या तोंडाकडे बघत होतं. तिने गिळला. दुसरा घेतला.

मुलगी रडू लागली. आर्डिथने तिला काट्यानेच गप्प राहायची खूण केली, कारण तिचं अजून संपलं नव्हतं.

"आणि मला वाटायचं अ‍ॅल्डनला कॉर्नफ्लेक्सशिवाय चालत नाही. दर गुरुवारी हा माणूस व्हर्लकडे जायचा. म्हणे, व्हर्लची गाय बघायला. जेवायला घरी आला की भूक नाही." तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे व्हर्लकाका एका हाताने चौकट धरून उभे होते. "व्हर्ल, खरं सांग. तुझ्याकडे गाय होती का रे कधी?"

काकांच्या कानातलं यंत्र बारीक शिट्टी वाजवत होतं.

"नव्हती," काका म्हणाले.

"मग काय बघायचा?"

"बायको गेल्यापासून गुरुवारी मी बटाटे करतो," काका म्हणाले. "वेफर्सवाले. तो दोनदा वाढून घ्यायचा. म्हणायचा, आर्डिथला सांगू नको, तिला वाईट वाटेल."

आर्डिथने यावर थोडा वेळ विचार केला. पंचावन्न वर्षांचा हिशेब एका ताटात मांडायला तेवढा वेळ लागणारच. मग तिच्या खांद्यांत काहीतरी हललं, आणि मुलगी धावली तेव्हा कळलं की आर्डिथ हसतेय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, ताट तिरपं होईपर्यंत ती हसली. "वाढ गं," ती कॅमिलला म्हणाली. "वेफर्सवाले वाढ. त्याने एवढं लपवून काय खाल्लं ते बघू दे मला."

कॅमिलने वाढलं, आणि जरा जास्तच वाढलं.

त्यानंतर बांध फुटला. मयत ज्या घरचं त्या घरातल्या मोठ्यांनीच तिन्ही पात्या एका ताटात घेतल्यावर बाकीच्यांनी कुणासाठी धीर धरायचा? अर्थात फेअरहोल्ट ते फेअरहोल्ट. प्रत्येकाने आधी आपल्या पातीच्या ट्रेमधून एक चमचा घेतला, सगळ्यांना दिसेल असा, आणि मग शेजारच्या ट्रेकडे चमचा असा वळवला की जणू टेबलच जरा हललं. थोरल्या पातीचे पुरुष बिस्किटांवर तुटून पडले. धाकट्या पातीच्या म्हाताऱ्यांनी कॉर्नफ्लेक्सचा कडेचा खरपूस भाग खरवडून नेला, जो इतकी वर्षं त्यांना तोंडदेखल्या एका चमच्यात कधी मिळाला नव्हता. "वेगळे लागतात, नाही?" हेच वाक्य सगळीकडून ऐकू येत होतं, पण आता ते तोंडात घास असताना म्हटलं जात होतं. हॅमची आठवण कुणालाच राहिली नाही. मिस्टर अ‍ॅबट भिंतीपासून सुटून पुन्हा रांगेत आले.

ट्रे रिकामे होऊन स्वयंपाकघरात परतू लागले तेव्हा गंमत अशी झाली की प्रत्येक पातीच्या बाईने आपला खरवडलेला ट्रे बघून शेजारणीला ऐकवलं, "आमचे आधी संपले." तिन्ही पात्या जिंकल्या होत्या. असा निकाल त्या गावात आधी कधी लागला नव्हता आणि तो कुणालाच अमान्य नव्हता.

कॅमिल धुवायचे ट्रे घेऊन मागच्या भांडी घासायच्या खोलीत गेली, तर दाराआड लावॉन उभी होती. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात ताट. ताटात वेफर्सवाले, आणि तेही दुसऱ्यांदा घेतलेले, कारण पहिल्या खेपेचे डाग अजून कडेला होते. लावॉन जन्माने आणि लग्नाने, दोन्ही बाजूंनी थोरल्या पातीची.

लावॉनने ताट लपवलं नाही.

"जरा खारट आहेत," लावॉन म्हणाली.

"हो का."

"वेफर्स मीठ नसलेले घ्यायला हवेत." तिने शेवटचा घास घेतला. "पण चुरायचे ते अगदी शेवटी. हे मला आत्ता कळलं."

इतक्यात बिशप क्लॉयड आत डोकावले. ते टर्की पाळतात आणि त्यामुळे त्यांना गर्दीत कोण कुणाला टोचा मारणार हे आधीच कळतं. त्यांनी सासूकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि काही सांगायचं आहे का असं सावधपणे विचारलं. बोली कॅमिलने जिंकली होती खरी, पण सासूबाई तरीही ते दोन शब्द घालतील की नाही हे तिला खात्रीने सांगता येत नव्हतं.

"सांगायचं आहे," लावॉन म्हणाली. "ट्रे कमी पडले. पुढच्या वेळी कॅमिलला पन्नास मागवायला सांगा."

बिशपनी मान डोलावली आणि ते घाईने निघून गेले, कारण बाहेर अजून अर्धा ट्रे शिल्लक असल्याची बातमी होती. लावॉनने ताट सुनेच्या हातातल्या ढिगावर ठेवलं, बाही वर सारली आणि नळ सोडला. त्या दिवशी भांडी लावॉनने धुतली आणि कॅमिलने पुसली. चार हॅम घरी गेले, आणि कॅमिलच्या नवऱ्याला पुढे बराच काळ कुठल्याही वेळी काय खायचंय हे कुणी विचारलं नाही.

गावाने कॅमिलला पाहुणी समजणं त्या दिवसापासून बंद केलं, आणि त्याचा तिला लगेच त्रास सुरू झाला. लोक थेट मागच्या दाराने आत येऊ लागले. सर्वात आधी आले ते व्हर्लकाका, काठी टेकत, डोक्यावर चर्चची टोपी. त्यांच्या चर्चला चहा-कॉफी वर्ज्य, तेव्हा ती विचारायचा प्रश्नच नव्हता. कॅमिलने गरम दूध दिलं.

काकांनी सांगितलं की त्यांनी सगळा विचार केला आहे. ते नव्वदीला आलेत. त्यांच्या मयताला तिन्ही पात्यांचे बटाटे होणार हे आता ठरल्यासारखंच आहे, सगळं गाव पोटभर जेवणार आहे, आणि ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तोच नेमका तिथे नसणार. हे त्यांना कुठल्याच बाजूने बरोबर वाटत नव्हतं.

"मग काय करायचं म्हणता, काका?"

"आधी करायचं," काका म्हणाले. "मी असताना. भाषणंही होऊ देत. लोक काय चांगलं बोलतात ते मला ऐकायचंय. यंत्राची शिट्टी वाजली तर वाजू दे, माझंच मयत आहे."

कॅमिलने बिशपना विचारलं. बिशपनी नियम धुंडाळले, जिवंत माणसाचं मयत करू नये असं कुठे सापडलं नाही, आणि त्यांनी परवानगी दिली. काकांच्या मयताला दोनशे माणसं आली. काका पहिल्या खुर्चीत कोट घालून बसले, आपल्याविषयीची भाषणं ऐकून दोनदा रडले, एकदा मध्येच उठून एका वक्त्याची चूक दुरुस्त केली, आणि तिन्ही पात्यांचे बटाटे तीन-तीनदा खाल्ले. त्यानंतर आर्डिथने स्वतःचं करून घेतलं. मग धाकट्या पातीतल्या दोन म्हाताऱ्या बहिणींनी जोडीने करून घेतलं, आणि आपण मागे पडतोय असं दिसल्यावर थोरल्या पातीतर्फे लावॉनने नाव दिलं.

अ‍ॅल्डननंतर वर्षभर फेअरहोल्टमध्ये कुणीच मेलं नाही, पण मयताचं जेवण चारदा झालं, आणि चारही वेळा ट्रे कमी पडले.